पिवळ्या धोत्र्याचं तेल पोटात गेलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले. गुडघ्याला चोळायला म्हणून आमच्या आत्यानं बांधावरच्या पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीत घालून तेल काढून आणलं. बिया दिसायला मोहरीसारख्याच, जरा काळपट न् खडबडीत. चोळायचं राहिलं बाजूला, गोडेतेल संपलं तसं पंधरा दिवस फोडणीला तेच!

आता आत्याचे दोन्ही पाय सुजलेत. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडतो, लवकर भरत नाही. कातडी लालसर, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली; तेलाचं ऐकूनच घेतलं नाही.

या बियांत सँग्विनरीन नावाचं विष असतं, हृदयावर ताण येतो, डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदूही होतो म्हणे. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलानं माणसं दगावली होती.

तेल बंद केलंय, बाटली जपून ठेवलीय. उद्या पहाटेच निघतोय. नांदेडला न्यावं की संभाजीनगरला? फिजिशियन आधी की हृदयाचे डॉक्टर? तेलाचा नमुना कुठं तपासून मिळेल? आणि घरातल्या पोरांनीही तेच खाल्लंय, सूज नसली तरी त्यांना दाखवायचं का?