'दोरेआ' : दान म्हणावं की फुकट?

कोपऱ्यातली खिडकी
उपासनेनंतर आमचा चारपाच जणांचा बायबल-अभ्यास असतो. परवा योहान ४ काढलं होतं. येशू विहिरीपाशी शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि वर तिलाच सांगतो, देवाचं दान काय ते तुला कळलं असतं तर तूच माझ्याकडे मागितलं असतंस. मी त्या 'दान' शब्दाला अडले.

मूळ ग्रीक शब्द 'दोरेआ'. नव्या करारात तो ११ वेळा येतो आणि दर वेळी देणारा देवच. आपलं दान निराळं. ते सत्पात्री लागतं आणि पुण्य देणाऱ्याच्या खात्यात पडतं. ग्रहणात 'दे दान सुटे गिराण' ओरडत यायचे, तेव्हा वाटीभर धान्य घालणाऱ्यालाही त्यातून काही हवंच असायचं. दोरेआत असा हिशेब नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन नावाचा जादूगार देवाचं हेच दान विकत घ्यायला पैसे पुढे करतो आणि पेत्र त्याला झाडतो.

माझं मत : अर्थाला सगळ्यात जवळचा मराठी शब्द 'फुकट'. याच शब्दाचं क्रियाविशेषण 'दोरेआन'. मत्तय १०:८ मध्ये ते आहे : फुकट मिळालं, फुकट द्या. आणि गलतीकर २:२१ मध्येही तेच : नीतिमत्त्व नियमशास्त्रानं मिळत असेल, तर ख्रिस्त फुकट मेला! 'फुकट मिळालं' आणि 'फुकट गेलं' हे दोन्ही एकाच शब्दात बसवणाऱ्या भाषा किती असतील?

वसईचा वारा
ताई, गंमत आवडली, मत पटलं नाही. दोरेआन हे द्वितीयेचं रूप गोठून झालेलं क्रियाविशेषण आहे. त्याचा अर्थ उलट नामावर कसा लादता? 'मुळीच'चा अर्थ सांगताना कोणी झाडाचं मूळ उकरत बसत नाही.

दुसरं, 'फुकट' म्हटलं की मराठी माणसाला फुकट्या आठवतो, फुकटचंबू बाबूराव आठवतो. आमच्या फादरांनी मिस्सेत 'देवाचे फुकट' म्हटलं तर मागच्या बाकावर हशा पिकेल. आणि दानाला पुण्याचा वास येतो म्हणता, तर मग रक्तदानाचं काय? पिशवी कोणाला गेली हे देणाऱ्याला कधी कळत नाही. घेणारा लायक आहे का, हेही कोणी विचारत नाही. बिस्किटाचा पुडा आणि कॉफी, संपला व्यवहार. शब्द वापरानं धुतले जातात.

आहेराची वही
दोघंही एक गोष्ट धरून चालला आहात : खरी देणगी म्हणजे परतफेडीची अपेक्षा नसलेली. हे अलीकडचं खूळ आहे.

माझ्याकडे आजीच्या लग्नाची वही आहे. जांभळी शाई, एका ओळीत नाव, पुढे 'रु. २', 'पितळी पातेलं १', 'खण'. ही वही कौतुकासाठी नव्हती. त्या घरी कार्य निघालं की ती उघडायची आणि तेवढं, किंबहुना चार आणे जास्त, न्यायचे. त्याला कोणी सौदा म्हणालं नाही, नातं म्हणाले. गलतीकरांना ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं जगही असंच होतं. त्याच्याच काळातल्या सेनेका या रोमन तत्त्वज्ञानं उपकार कसे करावेत, कसे घ्यावेत, कसे फेडावेत यावर सात भाग लिहिले. हात धरून नाचणाऱ्या तीन देवतांचं चित्र त्यात येतं : देणं, घेणं, परत करणं. साखळी तुटली की नाच मोडला.

जॉन बार्कले या अभ्यासकानं २०१५ साली हेच मांडलं. पौलाचं नवेपण 'परतफेड नको' म्हणण्यात नाही, ते लायकी न बघता देण्यात आहे. दिल्यावर आयुष्य बदलावं ही अपेक्षा पौलाला आहेच, रोमकर १२ वाचा. म्हणून मी 'आहेर' म्हणेन, फक्त शत्रूच्या घरी नेलेला.

कोपऱ्यातली खिडकी
@वसईचा वारा, 'मुळीच'चा टोला बसला. पण प्रकटीकरण २२:१७ बघा : तहानेल्यानं यावं आणि जीवनाचं पाणी 'दोरेआन' घ्यावं. योहान ४ मध्ये पाणी आणि दोरेआ, इथे पाणी आणि दोरेआन. एवढं जवळचं नातं असताना नाम आणि क्रियाविशेषण यांचं रेशनकार्ड वेगळं कसं करू?

@आहेराची वही, वही मागे जाते : ज्यानं दिलं त्याच्याच घरी. 'फुकट द्या' मध्ये ती पुढे जाते, तिसऱ्याच्या घरी. अशी वही तुमच्या आजीनं ठेवली असती का?

आहेराची वही
नसती ठेवली. मुद्दा मान्य. 'आहेर' शब्द मात्र सोडत नाही.

तिसरा लिंगभेद
एक उपप्रश्न. इफिसकर २:८ मध्ये दोरेआ नाही, 'दोरॉन' आहे. हा शब्द १९ वेळा येतो आणि जवळपास सगळीकडे माणसानं वेदीवर किंवा भांडारात वाहिलेली वस्तू. मत्तय १५ मधला, आईबापांना द्यायचं ते 'देवाला वाहिलंय' म्हणून हात वर करणारा मुलगाही हाच शब्द वापरतो. देव देणारा असा दोरॉन फक्त इफिसकर २:८ मध्ये.

तिथलं वाक्य असं : कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तुम्ही तारलेले आहात, आणि हे तुमच्यापासून नव्हे, देवाचं दान. वाद जुना आहे : 'हे' म्हणजे काय, विश्वास की तारण? ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास दोन्ही स्त्रीलिंगी, 'हे' मात्र नपुंसकलिंगी. इंग्रजी वाचकाला हे दिसतच नाही, आपल्याला तीन लिंगं असल्यानं लगेच दिसतं. म्हणजे केवळ विश्वास नव्हे, सगळा प्रकारच दान.

वसईचा वारा
सावकाश! मराठीत 'तारण' नपुंसकलिंगी आहे म्हणून तुम्हाला ते सरळ वाटतं. ग्रीकमध्ये तिथे तारण हे नामच नाही, 'तारलेले आहात' असं क्रियापद आहे. शिवाय 'हे' पुढच्या 'दाना'शी जुळलं असेल तर? 'ही माझी बहीण', 'हे माझं घर' असंच म्हणतो की आपण.

तिसरा लिंगभेद
ग्रीकमध्ये 'हे' आधीच्या 'तुमच्यापासून नव्हे' या तुकड्यात आहे, 'देवाचं दान' नंतर सुटं येतं. त्यामुळे तुमची बहीण इथे चालत नाही. तारणाबद्दल मात्र बरोबर पकडलंत.

वसईचा वारा
आणि ताई, रक्तदानाचं उत्तर अजून आलेलं नाही.

कोपऱ्यातली खिडकी
नाही दिलं, कारण सापडलं नाही. रविवारी मोठ्यानं 'दान'च वाचेन. समासात पेन्सिलीनं 'फुकट' लिहिलंय, ते खोडणार नाही.