कामात तरबेज, पण बोलण्यात फटकळ: आचारसंहितेने फरक पडतो का?

रंकाळाकाठ: आम्ही कोल्हापुरातले आठ-दहा जण फावल्या वेळात, राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी दाखवणारे एक मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो असे) ॲप तयार करत आहोत. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मधल्या चार फुटांत लोकांना सामान हलवायला वेळ मिळावा, एवढाच हेतू आहे. आमच्यातला सर्वांत जाणकार प्रोग्रॅमर मात्र नवख्यांचा कोड तपासताना “आधी शिकून या” असे शेरे सर्वांदेखत मारतो. मीटरचे फूट करतानाची चूक एका विद्यार्थिनीने दुरुस्त करून पाठवली होती. सोबत चाचणी (दुरुस्ती बरोबर चालते का ते तपासणारा छोटा कोड) जोडायची राहिली, एवढ्यावरून तिला असे सुनावले गेले की ती पुन्हा फिरकली नाही आणि चूकही तशीच राहिली. आचारसंहिता लिहून काही साधेल का?

शाहूपुरीकर: साधेल, पण ती सर्वांत मोठ्या माणसालाही लागू झाली तरच. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या उर्मट ईमेलबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे लिनक्स कर्नलचे (त्या प्रणालीच्या गाभ्याचे) काम सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे सोपवले आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिताही स्वीकारली. तरीही कर्नलची ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबरमध्ये बाहेर पडलीच. तुमचा गडी टोरवाल्ड्सपेक्षा मोठा नसावा.

कळंबा रोड: थोडा वेगळा सूर लावतो. पुराच्या आकड्यात चूक झाली तर लोक भलत्या वेळी घर सोडतील किंवा सोडणारच नाहीत. त्यामुळे चाचणीचा आग्रह योग्यच होता. “चाचणी जोडा, मग घेतो” एवढे लिहिले असते तर काटेकोरपणाही राहिला असता आणि माणूसही.

राजारामपुरी, सातवी गल्ली: नियम लिहिणे सोपे असते, अंमल कोण करणार, हा खरा पेच आहे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेकडे आचारसंहिता होती, ती राबवणारा गटही होता. पण प्रकल्पाचे नेतृत्व करणारी कोअर टीम स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही, अशी तक्रार करत त्या अख्ख्या गटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये राजीनामा दिला. म्हणून तक्रार ऐकणारे दोघे आधी नेमा, आणि त्या प्रोग्रॅमरचेही कोडमध्ये थेट बदल करण्याचे अधिकार काही काळ थांबवण्याची मुभा त्यांना द्या. ती द्यायला तुमची तयारी नसेल, तर कागद वाया घालवू नका.

रंकाळाकाठ: ती मुभा देण्यावरून आमच्यात आज दोन तट पडले आहेत. दरम्यान, राहिलेली चाचणी मी स्वतः लिहिली, त्या विद्यार्थिनीच्या नावानेच दुरुस्ती समाविष्ट केली आणि तिला फोनवर तसे कळवले. तिने आभार मानले. परत येण्याबद्दल मात्र ती काही बोलली नाही.