एडीएचडी: औषधाशिवाय काय करता येतं?

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान झालंय. अभ्यासाला बसली की पेन्सिल पडते, ती उचलायला वाकली की टेबलाखालीच खेळत बसते. औषध लगेच नको वाटतंय, झोप, व्यायाम, आहार यांनी खरंच फरक पडतो का?

उत्तर १: पडतो, पण आधी झोपेचं बघा. झोप अपुरी असली की लक्ष अजूनच उडतं, म्हणून झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद आणि उठायची वेळ सुट्टीतही तीच. अभ्यासाआधी २०-३० मिनिटं सायकल, दोरीच्या उड्या, काहीही चालेल, त्यानंतर थोडा वेळ तरी मन जागेवर राहतं.

उत्तर २: साखर बंद केल्याने एडीएचडी जात नाही हो. ओमेगा-३ (मासे, जवस यांत असणारा स्निग्ध घटक) चा फायदा झालाच तर थोडासा. लोह कमी आहे का ते मात्र डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने गोळ्या नकोत.

उत्तर ३: "दप्तर आवर" असं मोघम नको, "वही आत ठेव" एवढंच सांगा, झालं की लगेच शाबासकी, मग पुढचं. आणि औषधाला इतकं घाबरू नका, मिथाइलफेनिडेट हे यावरचं औषध १९५० च्या दशकापासून वापरात आहे, त्रास जास्त असेल तर नुसत्या दिनचर्येवर भागत नाही आणि पोरीला उगाच आळशी म्हणून बोलणी खावी लागतात.