फुटबॉलपटूंची मुलं बापाच्या तोडीची निघतात का? मोजायचं कसं?

तिरका_पास
मालदिनी, हालांड या बाप-लेकांच्या जोड्यांची नावं घेऊन 'रक्तातच असतं' म्हणणारे भेटतात. लगेच कोणीतरी योर्डी क्रायफचं, म्हणजे महान योहान क्रायफच्या बापाइतक्या न गाजलेल्या मुलाचं नाव काढतो आणि वाद तिथेच अडकतो. निकष कोणता लावावा? देशासाठीचे सामने, विजेतेपदं, की आणखी काही?

राखीव_बाकडा
गाजलेल्या मुलांची यादी घेऊन बसू नका, त्यात अपयशी मुलं आपोआप गळतात. बापांपासून सुरू करा. एखाद्या स्पर्धेचा अख्खा संघ घ्या आणि प्रत्येकाचे मुलगे शोधा.

1998चा विश्वचषक जिंकलेला फ्रान्सचा संघ घ्या. लिलियां थुरामचे मार्कुस आणि केफ्रेन दोघेही फ्रान्सकडून खेळले. मार्कुस 2022च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरलाही, पण कप अर्जेंटिनाकडे गेला. झिदानचे चारही मुलगे रेआल माद्रिदच्या अकादमीत वाढले. एंझोला 2016मध्ये बापाच्याच हाताखाली मुख्य संघातून कोपा देल रे (स्पेनची बाद फेरीची स्पर्धा) खेळायला मिळालं, त्यात त्याने गोलही केला. पुढच्या वर्षी त्याला क्लब सोडावा लागला. लुका अल्जीरियाचा गोलरक्षक झाला. वाईट नाही, पण झिदानशी तुलना कशाला?

कॉर्नर_फ्लॅग
आता हाच प्रयोग उलटा करा, जिंकलेल्या संघातले मुलगे शोधून त्यांचे बाप बघा. 2010चा विश्वचषक जिंकलेल्या स्पेनच्या संघात तिघे सापडतात.

बुस्केट्सचे वडील कार्लेस बार्सिलोनाचे गोलरक्षक, पण बराच काळ पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झुबिझारेताच्या मागे बाकावर. शाबी अलोन्सोचे वडील पेरिको 1982चा विश्वचषक खेळलेले. पेपे रेइनाचे वडील मिगेल 1974च्या युरोपियन कपच्या (आताची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यात अॅटलेटिको माद्रिदच्या गोलमध्ये होते आणि हरले. पेपेही 2007चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना लिव्हरपूलकडून हरला, हा योगायोग मजेशीर.

तिघांचेही बाप चांगले खेळाडू, पण दंतकथा कोणीच नाही. अशा घरात खेळाची जाण, आहार, करारातल्या खाचाखोचा सगळं मिळतं आणि आडनावाचं ओझं मात्र हलकं राहतं. मुळात बाप शिखरावर पोचतो तेव्हा गुणवत्तेसोबत योग्य प्रशिक्षक, योग्य संघ, दुखापतीपासून बचाव हे सगळं जुळून आलेलं असतं. उंची-वेग वारशात येईल. बाकीचं जुळणं येत नाही.

निकषाबद्दल सावध राहा. अलोन्सो बाप-लेकांत फक्त ला लीगाची (स्पेनची मुख्य लीग) विजेतेपदं मोजलीत तर वडील 3-1ने पुढे! मुलाच्या नावावर विश्वचषक आणि दोन चॅम्पियन्स लीग आहेत, ते कुठे मांडणार?

राखीव_बाकडा
म्हणून मी विजेतेपदं मोजत नाही, ती संघाची असतात. 21 वर्षं पूर्ण होईपर्यंत वरच्या लीगमध्ये किती मिनिटं खेळला, ते बघा. आडनावामुळे आठव्या-नवव्या वर्षी अकादमीचं दार उघडेल, पण लीगच्या सामन्यात नव्वद मिनिटं कोणी भिडेखातर देत नाही.

पंजा_नं_१
बापच प्रशिक्षक असेल तर देतोही. योर्डीला बार्सिलोनात पहिली संधी योहाननेच दिली. शिवाय गोलरक्षकांना ही अट लावू नका, ते उशिरा पिकतात. पीटर श्मायकेल या नामवंत गोलरक्षकाचा मुलगा कॅस्पर, तोही गोलरक्षक, 22व्या वर्षी मँचेस्टर सिटी सोडून नॉट्स काउंटीकडे, म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत गेला. तुमच्या तक्त्यात तो तिथेच नापास. पण 2015-16मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग (इंग्लंडची सर्वोच्च लीग) जिंकली तेव्हा 38च्या 38 सामन्यांत गोलमध्ये तोच होता. पीटरकडे अशी पाच विजेतेपदं आहेत हे खरं, पण ती मँचेस्टर युनायटेडची. गोलरक्षकांचा तक्ता वेगळा ठेवा आणि तिशीच्या आत निकाल लावू नका.