शब्दचर्चा : 'अस्सल', 'साधन', 'संदर्भ' आणि 'पान'

प्रश्न : बरोक काळातला (साधारण १६०० ते १७५०) स्पॅनिश गिटारवादक सांतियागो दे मुर्सिया याच्या चरित्रलेखात चर्चच्या नोंदवहीपासून आजच्या लेखांपर्यंत सगळ्यालाच 'संदर्भ' म्हटले आहे. मूळ कागदासाठी वेगळा शब्द वापरावा का?

उत्तर : अवश्य वापरावा, आणि तो आपल्याकडे तयार आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून छापलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांमुळे 'साधन' रुळला. ज्या कागदावरून इतिहास लिहायचा तो कागद म्हणजे साधन. आपण जे वाचले आणि तळटिपेत दिले तो संदर्भ. साधनातही 'अस्सल' आणि 'नक्कल' हा भेद हवा. मोडी कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' (मुळाप्रमाणे नक्कल) असा शेरा असतो, तोच काटेकोरपणा इथे लागतो.

मुर्सियाच्या बाबतीत हा भेद न पाळल्याची किंमत मोजावी लागली. त्याच्या संगीताचे एक हस्तलिखित १९४३ मध्ये मेक्सिकोतल्या लेओन गावी संशोधक गाब्रिएल साल्दिवार यांना मिळाले. त्यावरून मुर्सिया स्वतः तिकडे गेला असावा असा तर्क झाला, आणि पुढच्या लेखनात तो तर्कच माहिती म्हणून फिरत राहिला. हस्तलिखित हे त्याच्या संगीताचे साधन आहे, प्रवासाचे नव्हे. वह्या माणसाशिवायही समुद्र ओलांडतात. पुढे संगीत-अभ्यासक आलेहांद्रो वेरा यांनी माद्रिदमधली कागदपत्रे तपासली, तेव्हा मुर्सिया १७३९ मध्ये माद्रिदलाच गरिबीत वारल्याचे दिसले.

पुरवणी : 'जन्म' शब्दही जपून. चर्चच्या वहीत मिळते ती बाप्तिस्म्याची तारीख, म्हणून मुर्सियाबद्दल 'बाप्तिस्मा २५ जुलै १६७३' असेच लिहावे. पुस्तकाच्या सालाचेही तसेच. त्याच्या 'रेसुमेन' ग्रंथाच्या मुखपृष्ठावर १७१४ आहे, आतल्या छपाईच्या परवानग्या मात्र १७१७ च्या. तेव्हा 'मुखपृष्ठावर १७१४' म्हणावे, नुसते 'प्रकाशन १७१४' नको.

आणखी एक : फोलिओला 'पृष्ठ' म्हणू नये. फोलिओ म्हणजे पान. त्याला पृष्ठे दोन, आकडा एकच. पोथीच्या पत्रांसारखे '४५ अ' (पुढची बाजू), '४५ आ' (मागची) लिहावे. 'पृष्ठ ४५' लिहिले की वाचक अर्ध्या वहीपाशीच अडतो, कारण ४५ वे पृष्ठ म्हणजे २३ वे पान.

प्रश्न : अशा वादकाच्या साधनांचा शोध कुठून धरावा?

उत्तर : आधी ग्रंथाचे मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका, कारण पद आणि आश्रयदाता तिथे कळतो. मुर्सिया स्वतःला स्पेनची राणी मारिया लुइसा हिचा गिटारशिक्षक म्हणवतो. म्हणजे पुढे राजवाड्याचे पगारपत्रक. मग पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) बाप्तिस्मा, विवाह, दफन अशा तीन वह्या. शेवटी नोटरीची दप्तरे : मृत्युपत्र, हुंड्याचा करार, निर्धनतेचे प्रतिज्ञापत्र. मुर्सिया हे प्रांताचेही नाव असल्याने नुसत्या आडनावाने शोधू नये. आईवडील किंवा पत्नीचे नाव जुळल्याशिवाय नोंद त्याची मानू नये.

तारखेपुरते : स्पेनने १५८२ मध्येच नवे (ग्रेगोरियन) पंचांग घेतले, तिथे रूपांतर लागत नाही. सतराव्या शतकातला इटालियन गिटारवादक कोर्बेत्ता याच्या लंडनमधल्या कागदांना मात्र १० दिवस मिळवावे लागतात, कारण इंग्लंडात तेव्हा जुनेच पंचांग होते, आणि साल २५ मार्चला बदलते.