नव्या शहरात ओळखी कशा वाढवायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी नव्या शहरात येऊन ३ महिने झाले. खोली मिळाली, भाडेकरार झाला, बँकेतला पत्ताही बदलला. ती कामं कटकटीची, पण एकदाची संपतात. खरी पंचाईत शनिवार-रविवारी होते. ऑफिसातली माणसं चांगली आहेत, पण ६ वाजले की जो तो आपल्या घरी. परवा लक्षात आलं, शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत मी डिलिव्हरीवाल्याशिवाय कुणाशी बोललोच नव्हतो! घरी फोनवर मात्र 'मजेत आहे' सांगून मोकळा होतो.

तुमच्यापैकी जे असे एकटे आलात, तुमची पहिली ओळख कुठे झाली? वाचनालयात, व्यायामशाळेत, एखाद्या क्लासला? मी मुळात बुजरा आहे, तेव्हा 'बिनधास्त बोलत जा' एवढंच कृपया सांगू नका.