प्रति: कॅथेड्रल म्हणजे फक्त मोठं चर्च ना?

नाही हो, मोठेपणाचा संबंध नाही. बिशपांचं अधिकृत आसन, लॅटिनमध्ये 'कॅथेड्रा', जिथे असतं ते कॅथेड्रल. इमारत लहान असली तरी चालते. आपल्या नागपूरच्या सदर भागात तर दोन आहेत आणि रिक्षावाला हमखास गोंधळतो. ऑल सेंट्स प्रोटेस्टंट, उत्तर भारत चर्चचं. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथलिक. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, १८८७ चा, १९५३ पासून महाधर्मप्रांत.

कुणी म्हणतं की रविवार सोडला तर कॅथेड्रलमध्ये काही नसतं. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, एकदा कॅथलिक कॅथेड्रलमध्ये जाऊन बघा. प्रांतभरातले फादर बिशपांभोवती जमतात, तेलं आशीर्वादित होतात आणि तीच पुढे गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला, आजाऱ्यांना लावायला जातात. म्हणजे दूरच्या खेड्यातल्या बाळाच्या डोक्यावरचं तेलही इथूनच गेलेलं!

गंमत म्हणजे ज्यांचं नाव या कॅथलिक कॅथेड्रलला दिलंय ते संत फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप. पण शहर कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंटांच्या ताब्यात, त्यामुळे आयुष्यभर कारभार जवळच्या आनसी गावाहून. लोक ऐकायला येईनात तेव्हा ते पत्रकं लिहून दारांखालून सरकवत. १९२३ मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवलं. आपल्यासारख्या लिहीत सुटणाऱ्यांचेही तेच म्हणायचे.